बावीस जीबी कचरा

घरातला कम्प्युटर कुणाचा, हा प्रश्न धारवाडात सप्तापुरातल्या गौडरांच्या घरी चौदा वर्षांत कधी निघालाच नव्हता. तो सरांचा होता. फकीरगौडा सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं जमवायला घेतली आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ते त्या टेबलाशी. दुपारी दोन ते चार सर झोपायचे, तेवढा वेळ त्या खुर्चीवर त्यांची बायको बसायची. नीलगंगा तिचं नाव. वहिनी काय करतात हो कम्प्युटरवर, असं कुणी विचारलं तर सर म्हणायचे, "कशिदा करते. चौकोन रंगवत बसते."

चौकोन रंगवते हे काही खोटं नव्हतं. धारवाडकडचा हा कशिदा, कसूती, मोजून घालायचा असतो. कापडावर आधी काही रेखायचं नाही, धागे मोजायचे आणि टाका घालायचा; एक धागा चुकला की आख्खं गोपुर वाकडं. नीलगंगा गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे जायची. कुणाच्या लग्नातली काळी चंद्रकळा असायची, कुणाचं खणाचं चोळीचं कापड, कुणाच्या लेकराची कुंची. त्यावरचा हत्ती, तुळशीवृंदावन, पाळणा, रथ ती भिंगातून धागा धागा मोजायची, वहीत टिपायची, आणि घरी येऊन एका टाक्याला एक चौकोन असं करत पडद्यावर भरायची. तीनशे बारा नमुने झाले होते. प्रत्येकाखाली बाईचं नाव, गाव, कापड कुठल्या साली विणलेलं, ते लिहिलेलं. वह्या होत्या, पण घर रंगवायला काढलं त्या वर्षी सरांनीच त्या रद्दीत घातल्या. "कम्प्युटरमधे आहे ना सगळं? मग हे वाळवीला कशाला?" तेव्हा तिला ते पटलंही होतं.

तर त्या रविवारी सरांचा धाकटा भाऊ मल्लेशी आला. मल्लेशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे वायर असलेली कुठलीही वस्तू आपल्याला कळते असा त्याचा समज होता, आणि तो आजवर कुणी मोडला नव्हता. कम्प्युटर म्हणत होता की मी जुना झालोय, मला नवी आवृत्ती द्या. मल्लेशीनं पेन ड्राइव्ह आणला, दिवसभर बसला. मधे कम्प्युटरनं विचारलं, जुन्यातलं काय काय ठेवू? मल्लेशीनं 'काहीच नको' यावर खूण केली.

"नवं घर, नवा संसार," तो म्हणाला, आणि वहिनीकडून दुसरा चहा मागून घेतला.

सोमवारी दोन वाजता नीलगंगा खुर्चीवर बसली, तर पडद्यावर कुठल्यातरी परक्या मुलखातलं तळं. तिच्या नावाचा चौकटीतला फोटो नाही, तिचं फोल्डर नाही, काहीच नाही. तिनं मल्लेशीला फोन लावला.

"वहिनी, घाबरू नका हो. कुठं जात नाही ते. नवं आलं की ते जुन्याचं गाठोडं बांधून एका कोपऱ्यात ठेवतं. 'ओल्ड' म्हणून फोल्डर असेल बघा. आहे ना? त्यात आहे सगळं."

"मग मला काढून दे."

"देतो ना. रविवारी येतो तेव्हा देतो."

"आजच ये की. नाहीतर सांग, मी काढते."

"अहो वहिनी, तुम्ही हात लावू नका! ते सिस्टीमचं असतं. एक चुकीचं बटण दाबलं की सगळा कम्प्युटर बसेल, मग अण्णा माझ्या नावानं शंख करतील."

तरी मंगळवारी तिनं उघडून पाहिलं. ओल्ड, त्यात यूजर्स, त्यात तिचं नाव. नीला. त्यावर दाबलं तर चौकट आली: हे फोल्डर पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. खाली एक बटण होतं, पुढे जायचं असेल तर दाबा म्हणून. तिचं बोट त्या बटणावर होतं. मग मल्लेशीचं बोलणं आठवलं आणि तिनं ते मागं घेतलं. पुढं कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त राग आला तो या एका गोष्टीचा. आपलंच नाव, आपलंच काम, आपल्याच घरात. आणि परवानगी नाही म्हटल्यावर आपण उठून भाजी चिरायला गेलो.

बुधवारी पुन्हा फोन केला. "रविवारी नक्की," मल्लेशी म्हणाला.

गुरुवारी तिला रोणला जायचं होतं, भाचीच्या साखरपुड्याला. पिशवी भरून झाली, चपला घातल्या, आणि ती सरांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली.

"अहो, त्या ओल्ड फोल्डरला हात लावू नका. आणि दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका. मल्लेशी रविवारी येऊन माझं काढून देणार आहे."

"हं."

"ऐकलंत ना काय म्हटलं ते?"

"ऐकलं गं. जा, बस चुकेल."

सरांनी पडद्यावरची नजर काढली नव्हती. हेही तिला नंतर आठवलं.

रविवारी दुपारी ती परत आली तेव्हा मल्लेशी येऊन, जेवून, गेलेलासुद्धा होता. तिनं पाय धुतले आणि थेट कम्प्युटर उघडला. ओल्ड नव्हतं. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात पाहिलं. दुसरा कप्पा सरांच्या संगीतानं तुडुंब होता, त्याला मल्लेशीच्या नव्या संसाराचा धक्काही लागला नव्हता. पण पहिल्या कप्प्यात, जिथं जागा भरल्याची लाल पट्टी दिसायची, तिथं आता निळी जागा मोकळी होती.

"ते फोल्डर कुठं गेलं?"

सर वर्तमानपत्र वाचत होते. "कुठलं?"

"ओल्ड. माझं."

"ते होय. ते जातं आपोआप. मल्लेशीही म्हणाला, थोड्या दिवसांनी कम्प्युटर स्वतःच साफ करतो."

"मग मल्लेशीनं मला का नाही सांगितलं? रविवारी देतो म्हणाला होता."

"त्याच्या लक्षात राहिलं नसेल. आता गेलं ते गेलं, नीला. चहा टाकतेस का? आल्यासरशी तोंड नको वाजवूस."

तिनं चहा टाकला. निम्मी साखर ओट्यावर सांडली. मल्लेशीला फोन केला तर तोही म्हणाला, "हो वहिनी, त्याला सवयच आहे तशी. यंत्राचं काय सांगता येतंय?" आवाज मात्र त्याचा नेहमीसारखा नव्हता. जरा घाईत होता.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. यंत्रावर रागवून काय करायचं? राग कुठंतरी टेकायला पाहिजे ना. सकाळी तिनं भाकरी भाजून ठेवल्या, शेंगाची चटणी वाटीत काढली, आणि सुभाष रोडवर गेली. तिथं चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर हसीना नदाफ नावाची बाई कम्प्युटर दुरुस्त करायची. तिची आई नीलगंगाकडे कसूती शिकली होती, तेवढी ओळख. हसीना पस्तिशीची, दोन्ही हातांनी काम आणि खांद्यावर फोन अशी बाई. नीलगंगाचं सगळं तिनं ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही.

"अक्का, नवी आवृत्ती कधी टाकली?"

"कालच्या नाही, त्याच्या आदल्या रविवारी."

"आणि फोल्डर?"

"गुरुवारी मी गेले तेव्हा होतं. काल आले तर नव्हतं."

हसीनानं बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं, जणू बोटांनी चुकावं अशी तिची इच्छा होती.

"काल सातवा दिवस. अक्का, ते जुनं गाठोडं दहा दिवस राहतं. माणसाचा विचार बदलला तर मागं फिरता यावं म्हणून ठेवलेलं असतं. दहा दिवसांनंतर जातं आपोआप. त्याच्या आधी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी साफसफाईत जाऊन त्याच्यापुढं खूण केली, आणि हो म्हटलं. दोनदा म्हटलं. ते दोनदा विचारतं. हे परत मिळणार नाही, नक्की का, म्हणून."

नीलगंगा स्टुलावर बसली होती ती उठून उभी राहिली. काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, पण बसवेना.

"अक्का, रागवा नंतर. आधी मला सांगा, कम्प्युटर बंद आहे ना आत्ता?"

"का?"

"पुसलं म्हणजे लगेच नाहीसं होत नाही. कम्प्युटर फक्त म्हणतो, ही जागा रिकामी. जुनं तिथंच असतं, नवं काही त्याच्यावर येऊन बसेपर्यंत. तुमची डिस्क जुन्या पद्धतीची आहे, मीच बसवलीय ती. बरंच निघेल. पण त्याच्यावर काही उतरवलं तर संपलं. कम्प्युटर बंद पाहिजे. नुसता चालूही ठेवू नका."

नीलगंगानं तिथूनच घरी फोन लावला. सरांनी तिसऱ्यांदा उचलला, मागून तानपुरा वाजत होता.

"कम्प्युटर बंद करा."

"का गं? आत्ता नाही होणार. बेळगावच्या कट्टींनी मैफिली पाठवल्यात, वीस जीबी. उद्या ती लिंक बंद होते. सत्तर टक्के उतरल्यात."

"कुठं उतरतायत त्या?"

"जागा होती तिथं. पहिल्या कप्प्यात. तिथंच तर आता..." सर बोलता बोलता थांबले.

"अहो, आत्ताच्या आत्ता बंद करा. माझं सगळं त्याच्या खाली आहे."

"अर्धा तास थांब, होतंयच," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

तिनं पुन्हा लावला. उचलला नाही. ती जिना उतरली, रिक्षा केली. सप्तापुरापर्यंतच्या चढावर रिक्षा गुरगुरत होती आणि नीलगंगाच्या तोंडून आपोआप एकेक नाव निघत होतं. हेब्बळ्ळीच्या चन्नव्वाचा हत्ती. गरगच्या निंबव्वाचं वृंदावन. उप्पिन बेटगेरीच्या त्या बाईंचं नाव काय, ज्यांना दिसत नव्हतं आणि ज्यांनी बोटांनी चाचपून टाके मोजून दिले होते? नाव आठवेना. ते लिहिलेलं होतं, म्हणून तर तिनं ते लक्षात ठेवलं नव्हतं.

दार उघडंच होतं. आत सर आणि आज पुन्हा आलेला मल्लेशी, मधे वर्तमानपत्रावर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी. पडद्यावर हिरवी पट्टी पुढं पुढं सरकत होती. नीलगंगानं चपलाही काढल्या नाहीत. टेबलाखाली वाकली आणि भिंतीतला प्लग ओढून काढला.

तानपुरा गप्प झाला.

"काय केलंस हे!" सर उठलेच. "अगं, सत्त्याऐंशी टक्के झालं होतं! अर्ध्यात तुटलं म्हणजे सगळं वाया! उद्या लिंक बंद!"

"मी केलं. मी प्लग काढला. विचारलं कुणी तर सांगेन, मी काढला." प्लग तिच्या मुठीत होता. "आता तुम्ही सांगा. दोनदा विचारलं ना त्यानं तुम्हाला?"

"कुणी?"

"कम्प्युटरनं. पुसू का म्हणून. नक्की का म्हणून."

सरांनी मल्लेशीकडे पाहिलं. मल्लेशीच्या हातातली मिरची हातातच राहिली.

"वहिनी, ते काय असतं, आपोआप..."

"मल्लेशी, तू गप्प बस. दहा दिवस असतात ते तुला माहीत आहे का नाही? माहीत असेल तर खोटं बोललास. माहीत नसेल तर दुसऱ्याच्या घरातल्या यंत्राला हात लावायचा नाही आजपासून. टेलिफोन खात्यात होतास ना? मग फोनवर रविवारी, रविवारी एवढंच येत होतं का?"

"नीला, त्याला कशाला बोलतेस?" सर म्हणाले. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "मी केलं साफ. मग? बावीस जीबी होतं ते. बावीस! जुन्या सिस्टीमचा कचरा सगळा. कुठल्याही शहाण्या माणसानं काढलाच असता. सगळीकडे लिहिलंय, काढा म्हणून."

"त्यात माझं होतं."

"मला वाटलं तू काढून घेतलं असशील."

"गुरुवारी मी तुमच्या पाठीशी उभी राहून काय सांगितलं? हं म्हणालात. ते हं कुणाला म्हणालात, तानपुऱ्याला?"

"अगं, कामात होतो. आणि शेवटी होतं तरी काय त्यात? चौकोनच ना? बसून परत भर. तुला वेळच वेळ आहे."

मल्लेशीसुद्धा खाली बघायला लागला.

नीलगंगा ओरडेल असं दोघांना वाटलं. ती ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला, आणि सरांना तो ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"तुमच्या त्या मैफिलींत बुवा खोकतात, ते तुम्ही ठेवलंय. पेटीवाला पान मागतो, ते ठेवलंय. सतरंजी ओढल्याचा आवाज आहे एकात, मला तीनदा ऐकवलात तुम्ही तो. हे बघ, त्या काळची सतरंजी. त्याला तुम्ही ठेवा म्हणता. आणि तीनशे बारा बायकांनी आयुष्यभर डोळे फोडून घातलेलं, ते कचरा. का? ते गात नाही म्हणून?"

"तसं नाही म्हणालो मी."

"तसंच म्हणालात. बरं, तेही असू दे. पुसलंत, चूक झाली म्हणाला असता, तर मी काल रडले असते आणि कालच हसीनाकडे गेले असते. कालपासून आजपर्यंत सत्त्याऐंशी टक्के उतरलं नसतं. खोटं का बोललात?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मल्लेशी उठला आणि म्हणाला, "वहिनी, मी नेऊन देतो कम्प्युटरचा डबा हसीनाकडे."

"हात लावू नकोस."

तिनं स्वतः एकेक वायर काढली. कुठली कुठं हे तिला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून काढताना प्रत्येकीला कसूतीच्या रंगीत दोऱ्याची गाठ मारली. डबा उचलताना तिच्या कमरेत कळ आली, तरी तिनं तो पोटाशी धरून रिक्षापर्यंत नेला. शेजारच्या गेटमधून बघत असलेल्या बाईंनी विचारलं, "काय हो, बिघडला का?" नीलगंगा म्हणाली, "नाही. बिघडवला."

हसीनाला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत गौडरांच्या घरी भाकरी वेळेवर झाली, आमटी झाली, चहा झाला, पण बोलणं झालं नाही. सरांनी पहिल्या दिवशी राग धरला, त्यांचीही मैफल अर्धी गेली होती. दुसऱ्या दिवशी ते बडबडले. तिसऱ्या दिवशी बाहेर जाऊन एक नवी डिस्क घेऊन आले आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुझी. दोन हजार जीबी. यात सगळं मावेल तुझं."

नीलगंगा तांदूळ निवडत होती. खोका तिनं उघडला नाही. "मावायचा प्रश्न कधी होता? माझं सगळं मिळून तुमच्या एका भैरवीएवढं नव्हतं."

चौथ्या दिवशी ती हसीनाकडे गेली. फाइली निघाल्या होत्या, पण नावं गेली होती. एक, दोन, तीन असे नुसते आकडे. हसीनानं तिला बाजूला खुर्ची दिली आणि नीलगंगा दुपारभर एकेक उघडून नाव सांगत बसली. हत्ती, हेब्बळ्ळी. मोर, नवलगुंद. काही उघडतच नव्हत्या. काही उघडायच्या, वरचा भाग नीट, खालचा भाग राखाडी. संध्याकाळपर्यंत हिशोब लागला तो असा की दोनशे एकोणतीस पुरत्या मिळाल्या, बाकीच्या गेल्या. आंधळ्या बाईंचा नमुना मिळाला. बाईंचं नाव भागव्वा होतं. नीलगंगा ते नाव पाहून तोंडावर पदर घेऊन रडली, आणि हसीना तेवढ्यापुरती उठून खाली चहा सांगायला गेली.

अम्मिनभावीच्या राचव्वाचा रथ मात्र मिळाला नाही.

तो नऊ मजल्यांचा होता. नीलगंगानं एवढा मोठा रथ दुसऱ्या कुठल्याही कापडावर पाहिला नव्हता. राचव्वाची चंद्रकळा तिच्या आजीची, आणि राचव्वानं घरच्यांना सांगून ठेवलं होतं की मला तीच नेसवून समाधी द्या. गेल्या श्रावणात तसंच झालं. कापड मातीत गेलं होतं. वही रद्दीत गेली होती. उरला होता तो त्या ओल्ड फोल्डरात.

त्या रात्री जेवताना ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "उद्या अम्मिनभावीला जायचंय. तुम्ही येताय."

"मी? मी येऊन काय करू?"

"सांगते तिथं गेल्यावर."

सकाळच्या बसनं दोघं गेली. राचव्वाच्या घरी तिची सून होती. नीलगंगा ओसरीवर टेकली आणि सरांकडे पाहिलं. "सांगा."

"काय सांगू?"

"आपण का आलोय ते."

सरांनी घसा साफ केला. "ते... तुमच्या सासूबाईंच्या साडीचा नमुना होता आमच्याकडे. कम्प्युटरमधे. ती फाइल खराब झाली."

"नाही," नीलगंगा म्हणाली.

सून एकदा सरांकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. अंगणात एक कोंबडी पायरीपर्यंत आली, तिला कुणी हाकललं नाही. सरांचे कान लाल झाले होते. चाळीस वर्षं मुलांना उभं करून उत्तरं विचारलेला माणूस तो.

"खराब नाही झाली," ते म्हणाले. "मी पुसली. हिनं नको म्हटलं होतं, तरी."

सुनेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "अगाई," एवढंच ती म्हणाली. मग आत जाऊन पाणी आणि गूळ घेऊन आली. त्या घरात तसा रथ असलेलं दुसरं कापड नव्हतं. तिनं दुसरं घर सांगितलं, त्या घरानं तिसरं. प्रत्येक उंबऱ्यावर नीलगंगा गप्प बसायची आणि सरांना सांगावं लागायचं. एका घरी दात नसलेली एक म्हातारी खो खो हसली. "का हो मास्तर, बायकोचं काम पुसलंत? आमच्या ह्यांनी एकदा माझ्या शेवया बैलाला घातल्या होत्या. तीन महिने त्यांना दळणाला पाठवलं मी!" सरांना हसू आलं नाही. पण पुढच्या घरी त्यांनी नीलगंगा बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, आणि आवाज वर्गातला नव्हता.

दुपार टळता टळता राचव्वाच्या नणंदेच्या घरी एक कुंची निघाली. लेकराच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची, लाल खणाची, कडा विरलेली. पाठीवर रथ होता. नीलगंगानं ती उजेडात धरली, मजले मोजले.

"पाच," ती म्हणाली.

"रथच आहे ना पण?" सर म्हणाले.

"हा दुसरा आहे."

तरी तिनं वही काढली. सरांना कुंचीचं दुसरं टोक ताणून धरायला सांगितलं आणि भिंग लावून मोजायला बसली. दोन तास लागले. मधे एकदा सर कापडावर वाकून पुटपुटत मोजायला लागले तेव्हा ती म्हणाली, "मोठ्यानं मोजू नका, माझं चुकतं." ते गप्प झाले. हात अवघडले तरी त्यांनी टोक सोडलं नाही, आणि हे तिच्या लक्षात आलं.

बसथांब्यावर दगडी कट्ट्यावर दोघं बसली. समोरच्या टपरीत भजी तळत होते.

"राचव्वाचा सात मजल्यांचा होता ना?" सरांनी विचारलं.

"नऊ."

"मग हा पाचाचा घेऊन, वर चार वाढवता येणार नाहीत का? अंदाजानं?"

"मजला मजल्यासारखा नसतो. वर जाताना बारीक होत जातो, आणि ते कसं ते राचव्वाच्या आजीला माहीत होतं. मला नाही. अंदाजानं घातलं तर तो माझा रथ होईल, तिचा नाही."

सर टपरीकडे बघत म्हणाले, "नीला, माझं चुकलं."

"हो."

"तुला अजून राग आहे."

"आहे. आणि राहणार आहे काही दिवस. मला तो घाईनं घालवायचा नाही." तिनं वही पिशवीत ठेवली. "घरी गेल्यावर कम्प्युटर माझ्या खोलीत येणार. तुमच्या मैफिलींसाठी ती नवी डिस्क घ्या, आणि दुपारी दोन ते चार बसा. मी झोपले की."

सरांनी मान हलवली. बस आली. दारात गर्दी होती, त्यांनी खिडकीजवळची जागा धरली, तिला आत सरकू दिलं आणि पिशवी आपल्या मांडीवर घेतली. अर्ध्या वाटेपर्यंत ती बाहेर बघत होती. ओठ हलत होते तिचे. राचव्वाच्या रथाचा सगळ्यात खालचा मजला ती आठवत होती: बाहेरची कड चौदा टाक्यांची होती का सोळा. सोळाच असावी. दुसऱ्या मजल्याचं मात्र तिला काही केल्या आठवेना.